पाठमोरं बसून ऐकणारा

कंपनीची बस डांगे चौकाच्या पलीकडच्या बाजूला थांबते. पहिल्या पाळीला जाताना अवधूतला अंधारातच रस्ता ओलांडावा लागतो, आणि त्या वेळी सिग्नल नुसते पिवळे लुकलुकत असतात. मागून येणारा टेम्पो त्याला ऐकू येत असेल का, हा विचार भाजी निवडताना, बँकेत उभी असताना, आता हे लिहितानाही डोक्यातून जात नाही. विचारलं तर म्हणतो, "आई, मी बघून जातो." बघूनच जातो. तीच तर काळजी आहे.

अवधूत माझा एकुलता एक मुलगा. चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला आहे. पत्र्याचा तुकडा एका दणक्यात गाडीचा दरवाजा होतो, ते ठिकाण. त्याचे वडील गेल्यापासून थेरगावच्या या घरात आम्ही दोघंच. लग्नाचं म्हटलं की विषय बदलतो. त्याचा जीव रमतो तो शब्दकोड्यांत. इथल्याच एका साप्ताहिकासाठी तो गूढ कोडी रचतो. त्यातली सूचना सरळ नसते. एका टोकाला अर्थ असतो, दुसऱ्या टोकाला काहीतरी खेळ. त्याला सगळ्यांत आवडायचा तो ऐकण्याचा खेळ.

'चाळीस शेर ऐकले आणि चित्त हाती आले', अक्षरं दोन. चाळीस शेर म्हणजे मण. तो कानांनी ऐकला की मन. ते छापून आलं आणि चिंचवडच्या एका निवृत्त शिक्षकांचा निरोप आला: "ण आणि न यांतला फरक कळत नसेल त्यांनी कोडी रचू नयेत." त्याच संध्याकाळी दिघीच्या लक्ष्मणरावांचा फोन. जुन्या गावातले, जमीनजुमलावाले गृहस्थ. "आमच्यात दोन्ही येकच हाय. ह्यात कोडं कसलं, राव?"

अवधूत पोट धरून हसला. "एकाला कोडं चुकलेलं वाटतं, दुसऱ्याला ते कोडंच वाटत नाही. आता करायचं काय?"

तेव्हापासून तो सूचनेतच सांगू लागला की हे कुणाच्या तोंडून ऐकायचं. 'घटका अलिबागच्या तोंडून ऐकली, तर मांडवावर चढली.' खालच्या मजल्यावरच्या सुमनताई अलिबागकडच्या. घटका म्हणजे वेळ, आणि सुमनताई 'वेळ'ला 'वेल' म्हणतात, म्हणून उत्तर वेल. लोकांना हे आवडलं. दिघीचे लोक अलिबागची बोली शोधू लागले आणि ते चिंचवडचे गुरुजी लक्ष्मणरावांना फोन करून दिघीची.

पण छापायला देण्याआधी प्रत्येक शब्द तो त्या त्या माणसाच्या तोंडून ऐकून घ्यायचा. लिहिलेला शब्द कधी दाखवायचा नाही. "कागद दाखवला की माणूस शाळेत उभा राहतो," म्हणायचा. आडून विचारायचा. लातूरकडचा ज्योतीराम त्याच्याच लाइनवर. जेवायच्या सुट्टीत त्याला, "चाळीस शेरांना तुमच्याकडे काय म्हणतात?"

"आवो दादा, गहू घ्यायचाय का कोडं घालायचंय? आधी ते सांगा, मग बोलतो."

मलाही सुटका नव्हती. खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ करून बसायचा आणि म्हणायचा, "हं, आता थंडीत अंगावर काय घेतेस सांग." ओठ दिसले की कान आळशी होतात, असं त्याचं म्हणणं. मी कणीक मळत शाल म्हणायचे, कधी मुद्दाम साल म्हणायचे. त्याला बरोबर कळायचं.

दिवाळीनंतरच्या कोड्यांत ऐकायच्या सूचना कमी झाल्या. मग एकही येईना. सगळी अक्षरांची उलटापालट. मला वाटलं, कंटाळला असेल. बोलताना समोर येऊन बसू लागला, माझ्या तोंडाकडे बघू लागला, तेही मी मायेच्याच खाती जमा केलं.

मागच्या रविवारी ज्योतीराम गावाकडची तूरडाळ घेऊन आला. अवधूत केस कापायला गेला होता. ज्योतीराम चहा घेत बसला. मग म्हणाला, "काकू, एक बोलू का? मी बोललो म्हणून दादाला सांगू नका."

कंपनीत दर वर्षी कानांची तपासणी होते. काचेच्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात, बारीक आवाज आला की बटण दाबायचं.

"यंदा तपासणाऱ्या साहेबानं आवाज सोडला की त्याच्या मशिनीवर दिवा लागायचा. मी साहेबाच्या मागं उभा. दिवा लागला की मी मान हलवायचो, दादा बटण दाबायचे. पास झाले. मला वाटलं, दोस्ताचं काम केलं."

"आणि आता काय झालं?"

"परवा मागून ट्रॉली आली. मी वरडलो, काकू. दादा हललेच नाहीत. हात धरून वढलं म्हणून." त्याने कप खाली ठेवला.

रात्री जेवताना मी विषय काढला. ज्योतीरामचं नाव घ्यावं लागलंच नाही. अवधूतने माझं तोंड बघूनच ओळखलं.

"कानात बोळे घालत नव्हतास?"

"एका कानातला काढायचो. मशिनीपाशी माणसं ओरडून बोलतात ना, तेव्हा अगदी घरचं बोलतात, गावाकडचं. तसं कॅन्टीनमध्ये बोलत नाहीत. ते ऐकायचं असायचं."

"आता काय ऐकू येतं?"

"आवाज येतो. पण स आणि श सारखेच लागतात. शब्दाचं शेपूट सुटतं." आणि हसला. "आता मला सगळेच दिघीचे वाटतात, आई."

मला हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी घ्यायला लावून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखायचं तर त्या आवाजातून बाहेर पडायला हवं. अवधूतने मान डोलावली आणि मंगळवारी पुन्हा प्रेसवर गेला. तपासणीत नापास झालेल्यांना स्टोअरला बसवतात. "तिथं दिवसभर खोक्यांशी काय बोलू?" म्हणाला. "अजून थोडे दिवस, आई. जेवढं ऐकू येतंय तेवढं माणसांत ऐकू दे."

हे ऐकून मी चार दिवस गप्प राहिले. वाटत होतं, शहाणा आहे, कंपनीत आपणहून सांगेल. आज कामावरून आला तेव्हा मी स्वयंपाकघरातून विचारलं, "भात लावू का पोळी करू?" तो दारातून म्हणाला, "हो, दमलोय जरा."

कंपनीच्या दवाखान्यात रात्रपाळीलाही डॉक्टर असतात. नंबर त्याच्या ओळखपत्राच्या मागे छापलेला आहे. ज्योतीरामचं नाव मी घेणार नाही. एवढंच सांगेन, की मी अवधूतची आई बोलतेय, त्याची तपासणी पुन्हा करा आणि त्या खोलीपाशी दुसऱ्या कुणाला थांबू देऊ नका. तोवर त्याला मशिनीपाशी उभं करू नका.

तो चिडेल. स्टोअरला बसून माझ्याशी अबोला धरेल, आणि त्याचा अबोला लांबतो, हे मला ठाऊक आहे. पण पुढेमागे बोलेल तेव्हा मी दिलेलं उत्तर त्याला ऐकू यायला हवं.

तो आतल्या खोलीत झोपलाय. दार उघडंच आहे. फोन करायला मला गॅलरीत जायची गरज नाही, इथेच बसून नेहमीच्या आवाजात बोलेन. तो जागा होणार नाही.

नंबर लावते.