डुबकी सरांची डावी बाजू

डुबकी सर रस्त्याने चालताना डाव्या हाताला एका माणसाची जागा सोडून चालत. चंदीगडच्या सेक्टर बावीसच्या बाजारात, जिथे धड एकट्यालाही सरळ चालता येत नाही, तिथेसुद्धा. कोणी त्या जागेत घुसलं की सर थांबत आणि तो पुढे गेल्यावरच पाऊल उचलत. आम्ही ज्याच्याकडे छोले-कुलचे खायचो, तो सरदारजी एकदा म्हणाला, "सर जी, ये किसके लिए रस्ता छोड़ते हो?" सरांनी आधी डावीकडे पाहिलं आणि मग म्हणाले, "पुरानी आदत है जी." उत्तर साधंच होतं. ते डावीकडे पाहणं मात्र मला आवडलं नाही.

सर मूळचे मालवणकडचे. फौजेत पाणबुडे होते. निवृत्तीनंतर चंदीगडमध्येच राहिले आणि एका जलतरण तलावावर स्कूबा शिकवू लागले. डुबकी सर हे नाव तिथल्या पोरांनी दिलेलं. समुद्र इथून कुठल्या कुठे, आणि हा मालवणी माणूस पंजाबी पोरांना पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवतो, याची मला गंमत वाटायची. सरांनी खोलीवर सुका बांगडा भाजला की घरमालकीण नाकाला ओढणी लावून जिन्यात उभी राही. "तिका वास येता, माका गाव येता," असं सर म्हणत.

मी सांगलीची. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांवर संशोधन करायला इथल्या विद्यापीठात आले होते. माझे शिंपले होते भाक्रा धरणाच्या जलाशयात, पाण्याखाली गेलेल्या जुन्या वस्तीच्या पायऱ्यांना चिकटलेले. सुट्टीत शिकून मिळवलेलं साधं डायव्हिंगचं कार्ड माझ्याकडे होतं. पण पाण्यात नेहमी जोडीने उतरायचं असतं, आणि दर महिन्याला नमुने काढायला माझ्याबरोबर येणार कोण? नमुने नाहीत तर पीएचडी नाही. एकट्याने उतरावं की नाही यावर इंटरनेटवर वाद चाललेलेच असतात, त्यातलं सोयीचं तेवढं उचलून मी सरांकडे गेले. विचारलं, "एकट्याने उतरायला वेगळं प्रशिक्षण लागतंच असं कुठे आहे?"

सर म्हणाले, "कायद्याक लागणा नाय. पाण्याक लागता."

मग त्यांनी मला पिळून काढलं. मास्कची काच आतून काळ्या चिकटपट्टीने बंद करायची, तलावाच्या तळाशी बसायचं आणि सर वरून माझी हवा बंद करणार. ती बंद झाल्यावर घाबरून वर यायचं नाही; कमरेची छोटी जादा टाकी चाचपडून शोधायची, तिची नळी तोंडात घ्यायची आणि तशीच बसून राहायचं. हे जमायला लागलं. न जमणारी गोष्ट वेगळीच होती. बाहेर आलं की सर टॉवेल देत आणि एकच प्रश्न विचारत, "खाली कोण होतो?"

मी म्हणायचे, "कोणी नाही."

"खोटा बोलतंस. परत जा."

कितीतरी दिवस हेच चाललं. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. शेवटी एका दुपारी कंटाळून मी खरं ते सांगून टाकलं. पहिल्या दिवसापासून खाली माझ्या डाव्या बाजूला कोणीतरी बसत होतं. दिसत नव्हतं, पण होतं. त्याच दुपारी मी त्याला अंगठा आणि बोट जुळवून 'सगळं ठीक' अशी खूणही केली होती, आणि उत्तराची वाट पाहिली होती.

सर खूश झाले. "आता शिकवूक सुरवात करूया. एकटो माणूस पाण्यात एकटो नसता गो. तो येताच. तो वायट नाय. पण तो हवेचो मीटर बघणा नाय. मीटर तुकाच बघूक व्हया."

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. फौजेत असताना एका कालव्यात ते एकटेच शोध घ्यायला उतरले होते. गढूळ पाण्यात डाव्या हाताला जोडीदार आला. सरांनी त्याला खुणेने विचारलं, हवा किती उरली? आणि थांबले. तो काही सांगेना, म्हणून थांबून राहिले. श्वास ओढला जाईना तेव्हा त्यांना आठवलं, की आपण एकटेच उतरलो होतो. न शिकलेला माणूस बुडतो तो भीतीने नाही, असं ते म्हणाले. तो बुडतो वाट पाहत.

जलाशयाच्या परवानगीचे सोपस्कार त्यांनीच केले. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी उतरलं होतं आणि एका देवळाचा कळस वर आला होता. सर नावाड्याबरोबर होडीत बसले आणि मी दोरीच्या आधाराने खाली गेले. हिरवा अंधार, आणि त्यात पायऱ्या. कुणाच्यातरी रोजच्या वापराने त्या मधोमध झिजल्या होत्या. मी शिंपले सोडवत होते, तेव्हा बाजूला सर आले. या वेळी दिसले. त्यांचा जुना पिवळट मास्क, पांढऱ्या भुवया. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, राहवलं नाही म्हाताऱ्याला. त्यांनी खूण केली, सगळं ठीक. मीही केली. ते पायऱ्या उतरून पुढे निघाले आणि मी मागोमाग. चार हात गेले असेन, तेव्हा सवयीने नजर मीटरवर पडली. काटा परतीच्या खुणेखाली गेला होता. मी मान वर केली. सर पुढेच जात होते. मी दोरी धरली.

होडीत सर कोरडे ठणठणीत, कानटोपी घालून शेंगा खात बसले होते. "खाली कोण होतो?"

"तुम्ही."

त्यांचा हात शेंगांवरच थांबला. त्यांनी वाकून पाण्यात पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तो वर इलो?"

"नाही सर."

"बरा झाला," ते म्हणाले. परतीच्या गाडीत ते मधेच म्हणाले, "माका आता पाण्यात जावचा नाय." कारण मी विचारलं नाही. मला कारण ऐकायचंच नव्हतं. दिवाळीआधी खोली सोडून ते गावी गेले. स्टेशनवर गर्दीत चालताना मी त्यांच्या डाव्या हाताला होते आणि ते मला इतके लगटून चालत होते की मलाच अडखळायला झालं.

पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या पुतण्याचा फोन आला. सर दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. वय झालं होतं, सगळे म्हणाले तसं मीही म्हणाले. पण माझं लक्ष कशात लागेना.

पाणी उतरल्यावर मी जलाशयावर गेले. नमुने हे निमित्त होतं. त्या पायऱ्यांवर जाऊन बसले आणि ते यावेत म्हणून अगदी मनापासून वाट पाहिली. शेवाळ हललं, मासे आले, गेले. बाकी कोणी आलं नाही. इतकी वर्षं पाण्यात उतरतेय, पण खरोखर एकटी मी त्या दिवशी होते.

काटा खुणेला टेकला. आणखी थोडं थांबावं, आत्ता येतील, असं वाटत होतं. तिथे कोणी नव्हतं, तरी त्यांना एकट्याला खाली सोडून वर यायला मला फार जड गेलं. पण मी आले.