फळी धरणारा

अजितचा फोन आला तेव्हा मी मेट्रोने ऑफिसला निघालो होतो. "माधुरी गेली रे... मेंदूत रक्तस्राव. सकाळीच," एवढंच तो बोलू शकला. माधुरी अजितची बायको आणि माझी मैत्रीण; सांगायला लाज वाटते, पण मला आधी आठवली ती तिची लाथ.

आठवडाभर सॉफ्टवेअर तपासणारी, इथे परदेशात कॅसल हिलमधल्या आमच्या मराठी मंडळींच्या जेवणांना साबुदाणा वडे आणणारी ही पुण्याची बाई शनिवारी तायक्वांदोच्या हॉलमध्ये मला बदडून काढायची. बरगडी, नडगी, एकदा नाक. वर विचारायची, "लागलं का रे?" भिंतीवरच्या पत्रकात ही विद्या हजारो वर्षं जुनी असल्याचं लिहिलं होतं. आमचे कोरियन सर म्हणायचे, खोटं. जपान्यांनी देश तुडवला, तेव्हा त्यांच्याच कराटेतून आमच्या गुरूंनी मारायचं शिकून घेतलं; लाथांवर एवढा भर मात्र आमचा. माधुरीला हे फार पटायचं.

ब्लॅक बेल्टच्या परीक्षेत लाथेने फळी तोडायची असते. धरणाऱ्याने हात ताठ ठेवून पाय रोवायचे. तो मागे सरला, तर फळीऐवजी मारणाऱ्याचं हाड मोडतं. माधुरीने फळी धरायला मला उभं केलं, आरोळी ठोकत आली... आणि मी हललो. भ्यालो, दुसरं काही नाही. तिच्या पावलाचं हाड मोडल्याचा आवाज हॉलभर ऐकू आला. सरांनी काही विचारायच्या आत ती ओरडली, "माय मिस्टेक, सर!"

हॉस्पिटलला नेताना गाडीत ती कळवळत म्हणाली, "तू हललास. दिसलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू परत तोंड दाखवलं नसतंस. पुढच्या वेळी तूच धर."

मी तरीही तोंड दाखवलं नाही. दर शुक्रवारी तिचा मेसेज यायचा, "उद्या येतोस ना?" मी शिफ्टचं निमित्त सांगायचो. दुसऱ्या कोणाला ती फळी धरू देईना. तिचा ब्लॅक बेल्ट राहिला तो राहिलाच, आणि ते पाप माझं आहे.

आता ती नाही. गेल्या शनिवारी तिची सोळा वर्षांची मुलगी ईशा दारात उभी. "काका, टुडे इज माय टेस्ट. मम सेड यू होल्ड फॉर अस." तिला सगळं ठाऊक होतं का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

हॉलमध्ये फळी धरून मी पाय रोवले. लाथ मारण्याआधी माधुरी उजव्या पायाचा तळवा डाव्या पोटरीवर दोनदा घासायची, ईशानेही घासला. टाच जरा बाजूला बसली. फळी तुटली, आणि माझी दोन बोटंही. ईशा "सॉरी, सॉरी" करत धावली. मी एवढंच विचारलं, "हललो का गं मी?"

"नो, काका."

मग मात्र मी तिथेच खाली बसून हमसून हमसून रडलो.