एक्के टाकणारी गिंका

आमच्या रुसे गावात गिंकानं उभा जन्म ट्रॉलीबस चालवली, पण दीर दिन्को तिला पत्त्यांच्या टेबलाशी बसू देत नसे. "वहिनी, हा बायकांचा खेळ नव्हे," म्हणायचा आणि त्याच तोंडानं तिच्याकडे राकियाच्या दारूचा पेला मागायचा. मला अस्सा संताप यायचा! पण शेजारणीच्या संतापाला विचारतो कोण?

नवरा गेल्यावर गिंका कॉम्प्युटरवर पोकर शिकली. वार्ना शहरातल्या मोठ्या पोकर स्पर्धेची फी तिच्या पेन्शनला झेपणारी नव्हती. म्हणून ती इंटरनेटवरच्या पात्रता स्पर्धेत उतरली. तिथे दोन कॉफींच्या पैशांत बसता येतं आणि सगळ्यांची चिल्लर जमवून वार्नाच्या दहा जागा देतात. पहिला या नाहीतर दहावा, जागा सारखीच. अकरावा मात्र हात हलवत घरी. गिंकाला ती जागा हवीच होती. एकदा तरी खऱ्या टेबलाशी, पत्ते हातात घेऊन, पुरुषांच्या डोळ्याला डोळा भिडवून खेळायचं होतं तिला.

त्या रविवारी दुपारी अकरा जण उरले. गिंकाकडे चिप्स, म्हणजे खेळातली नाणी, भरपूर; तिच्याहून जास्त फक्त एकाकडे. शेवटच्या दोघांचे तर संपतच आलेले. दिन्को आपली पत्त्यांची टोळी घेऊन तिच्या पाठीमागे उभा, मी तिच्या शेजारी. तेवढ्यात तिला दोन एक्के आले. याहून भारी जोडी नाही. आणि त्या पहिल्या नंबरवाल्यानं सगळंच्या सगळं लावलं.

"लाव! लाव सगळं!" दिन्को ओरडला.

गिंकानं पत्ते टाकून दिले.

"अगं, डोकं बसमध्ये विसरलीस का? एक्के टाकतं का कुणी?"

"जिंकून काय मिळालं असतं, भावोजी?"

"चिप्स!"

"त्यांचं काय लोणचं घालू? जागा तेवढीच मिळणार. हरले असते तर अकरावी."

"छे! मर्दासारखं खेळावं."

"तुम्ही खेळा तसं. मला वार्नाला जायचंय."

दिन्कोनं माऊसला हात घातला. तिनं फाडकन त्यावर चापट मारली. पुढचेही पत्ते ती न बघितल्यासारखे टाकत गेली. शेवटी तळातला एक जण बाद झाला आणि पडद्यावर गिंकाचं नाव झळकलं. मी एकटीनंच टाळ्या पिटल्या.

दिन्को घसा खाकरत म्हणाला, "वार्नाला तुझ्याऐवजी मी बसतो, वहिनी. तिथे तुला घाम फुटेल."

"फुटू दे. जागा माझ्या नावावर आहे. तुम्हाला हवी तर पुढच्या रविवारी पात्रता स्पर्धा आहेच. फक्त जपून हं, तिथे बायकाही खेळतात."