चार वाजताचा उजेड

ठवकरकाकांच्या कॅमेऱ्याच्या बॅगेत नेहमी सरकीची एक पिशवी असायची. जुन्या पॅन्टच्या कापडाची, घरीच शिवलेली, उशीपेक्षा बरीच लहान. संग्रहालयाच्या दारावर बॅग तपासताना पहारेकरी सहारे ती बाहेर काढायचे आणि दर वेळी तेच विचारायचे.

"हे काय होय, काका?"

"सरकी."

"खाण्याच्या वस्तू आत नेता येत नाही."

"तू खातं का सरकी?"

"मी काहून खाईन? ढोरं खाते."

"मंग आत ढोर आहे का कोणी?"

"आता तुम्ही चालले ना," असं म्हणून सहारे पिशवी परत बॅगेत ठेवायचे.

आत जाताना दिसणाऱ्या पाटीवर लिहिलं होतं की तिपाई, फ्लॅश आणि दिवे वापरण्यास मनाई आहे. तिकीट काढून हातातल्या कॅमेऱ्याने फोटो घेता येत. पण दालनात उजेड कमी. तिथे हातात धरून काढलेला फोटो हलतोच. काका कॅमेरा सरकीच्या पिशवीवर ठेवायचे. सरकी कॅमेऱ्याच्या पोटाचा आकार घेते आणि त्याला धरून ठेवते. आधी त्या पिशवीत तुरीची डाळ होती. ती मात्र सहारेंनी पहिल्याच दिवशी अडवली होती, आणि ते नियमाने बरोबर होतं, असं काका स्वतःच सांगत.

धनराज ठवकर यांचा सक्करदऱ्याच्या रस्त्यावर दीड खोलीचा फोटो स्टुडिओ होता. मी भेटले तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. मोबाईल आल्यापासून पासपोर्ट फोटोशिवाय दुसरं काम फारसं उरलं नव्हतं. त्यांची स्वतःची शाळा दहावीला सुटली. तरी नागपुरात ज्यांना शिलालेखांचे, नाण्यांचे फोटो हवे असत, ते त्यांच्याकडे जात. मलाही आमच्या सरांनीच पाठवलं.

मी भिवापूरच्या पुढच्या मोखाळा गावची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. प्राचीन इतिहासात एम.ए. करत होते आणि माझा लघुप्रबंध या संग्रहालयातल्या एका फुटक्या दगडावर होता. त्यावर कुण्या राजाने दान दिलेल्या गावांची नावं कोरलेली आहेत. त्यातलं एक नाव संग्रहालयाच्या जुन्या यादीत 'माखाळा' असं वाचलं आहे. त्या नावाचं एक गाव वैनगंगेकडे आहे. मला मात्र ते 'मोखाळा' वाटत होतं. जुन्या लिपीत मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता डाव्या बाजूला उभ्या रेघेसारखी देत. 'मा'च्या डावीकडे अशी रेघ असेल तर ते 'मो' होतं. मला ती रेघ दिसली होती. माझ्या मोबाईलच्या फोटोत मात्र तिथे नुसता करडा डाग येत होता.

सरांनी सांगितलं होतं, रेघ दाखवता आली तर या नावावरचं प्रकरण राहील, नाहीतर नाही. तिपाई आणि दिव्यांच्या लेखी परवानगीचा अर्ज करून मला दोन महिने झाले होते. प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते. आणि एक चूक मी आधीच करून बसले होते. मी बाबांना फोनवर सांगितलं होतं की आपल्या गावाचं नाव राजाच्या दगडावर आहे. बाबांनी ते ग्रामपंचायतीत सांगितलं. सरपंच वेशीवर पाटी लावायची म्हणत होते.

हे सगळं काकांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते संग्रहालयात आले ते कॅमेरा न घेताच. मला वाटलं विसरले. ते म्हणाले, पहिल्या दिवशी कॅमेरा नेला की माणूस दगड पाहत नाही, कॅमेराच पाहतो. दिवसभर ते दालनात बसले, उठले, पुन्हा बसले. दगड उत्तरेच्या भिंतीला लागून एका बुटक्या ओट्यावर होता. पूर्वेला आणि पश्चिमेला उंच खिडक्या होत्या. कोणत्या वेळी ऊन कुठवर येतं ते काकांनी एका चिठ्ठीवर लिहून घेतलं.

मग ते सहारेंकडे गेले आणि तिपाईला मनाई का, ते विचारलं. इतकी वर्षं कोणी हे विचारलं नव्हतं म्हणून की काय, सहारे खुलले. लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं आलं होतं. बरोबर चार माणसं, दिवे, छत्र्या. तिपाईचा पाय एका मूर्तीच्या चौथऱ्याला अडकला आणि मूर्तीच्या बोटाचा टवका उडाला. नवरदेव निघून गेला, खुलासा मात्र सहारेंना द्यावा लागला. ती पाटी त्यानंतरची.

त्यावर काका मला म्हणाले, "पाहा पोरी, नियम नाही वाकवाचा. आपण वाकाचं."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं, आणि काका ते शब्दशः खरं करायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी ते दालनाच्या फरशीवर पोटावर आडवे झाले. तपकिरी स्वेटर, पांढरे केस, गुडघ्याला पट्टा. दगडापासून हातभर अंतरावर सरकीची पिशवी, तिच्यावर कॅमेरा. बटणाला बोट लावलं तरी कॅमेरा हलतो म्हणून ते दहा सेकंदांचा टायमर लावत आणि श्वास धरून पडून राहत. शाळेची सहल आली होती. एका मुलीने बाईंना विचारलं, आजोबा पडले का? काकांनी मान न वळवता सांगितलं, "नाही वं, वाचून राहिलो."

साडेनऊला पूर्वेच्या खिडकीतून ऊन दगडावर आडवं आलं आणि अक्षरं एकेक करून वर उठली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर काकांनी मला दाखवलं. 'मा'च्या डावीकडे उभी काळी रेघ होती. स्वच्छ. मी तिथूनच बाहेर पळाले आणि बाबांना फोन केला.

परत आले तर काका बॅग आवरत नव्हते. चार वाजता पुन्हा यायचं म्हणाले. मी म्हटलं, आता कशाला, मिळालं ना. मला दुपारची बस पकडून गावी जायचं होतं.

"एकाच बाजूनं पाह्यलं आहे अजून," ते म्हणाले. "दिवे असते तर दोन्हीकडून पाडले असते. आता सूर्य जाईन तिकडं, तोवर थांबाचं."

मी थांबले, पण मनातून चिडून. चार वाजता पश्चिमेच्या खिडकीचं ऊन आलं. काका पुन्हा आडवे झाले. या वेळी पडद्यावर सगळी अक्षरं होती, सकाळइतकीच स्पष्ट. रेघ नव्हती.

ते फरशीवर बसून राहिले, मीही बसले. मग त्यांनी हलक्या आवाजात समजावलं. कोरलेली रेघ म्हणजे चर. चराला दोन काठ असतात, त्यामुळे ऊन कोणत्याही बाजूने आलं तरी त्यात सावली पडते. दगडाचा पातळ पापुद्रा निघाला असेल तर एकच काठ उरतो. त्याची सावली एकाच बाजूच्या उन्हात पडते. "कोरणाऱ्यानं नाही केली ही," ते म्हणाले. "टवका उडाला, बस."

मी त्यांना जे विचारलं ते लिहायला आजही जड जातं. मी विचारलं, सकाळचाच फोटो लावला तर?

त्यांना राग आला नाही. "मी फोटो काढतो. दोन्ही देईन. लावाचा कोणता, ते तू पाह्य. तू शिकून राहिली."

दोन दिवसांनी त्यांनी दोन्ही फोटो एकाच लिफाफ्यात दिले, मागे वेळ लिहून. मी ते चार रात्री टेबलावर ठेवले होते. शेवटी दोन्ही लावले. अठरा पानांचं प्रकरण दीड पानाचं झालं. सर म्हणाले, एवढी मेहनत करून तू जुनं वाचन बरोबर ठरवलंस. गुण बरे मिळाले, फार नाही. काकांना प्रबंध दाखवायला नेला तेव्हा त्यांनी मजकूर वाचला नाही. फोटो शेजारी शेजारी आहेत ना, तेवढं पाहिलं आणि सकाळचा थोडा जास्त काळा छापला म्हणून कुरकुर केली.

त्यानंतर मला नोकरी लागली आणि माझं जाणं कमी झालं. स्टुडिओ बंद करून काका शहराच्या टोकाला बेसा भागात मुलाकडे राहायला गेल्याचं उशिरा कळलं. गेल्या हिवाळ्यात ते वारले. तेही मला आठवड्याने त्यांच्या मुलाच्या संदेशावरून समजलं. मी त्यांचे आभार नीट मानले होते का, ते मला आठवत नाही.

बाबांना मात्र मी खरं तेव्हाच सांगितलं होतं. ते "बरं" म्हणाले आणि मिरच्यांच्या भावाबद्दल बोलू लागले. गावात त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. सरपंच अधूनमधून पाटीचं काढत आणि बाबा विषय बदलत. काका गेल्यानंतर महिन्याभराने बाबा अचानक नागपूरला आले आणि म्हणाले, तो दगड दाखव.

आम्ही सकाळी गेलो. ऊन आडवं होतं आणि रेघ होती. बाबा ओट्याला धरून वाकले. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण मी बोटाने दाखवलेलं त्यांना लगेच कळलं.

"आहे ना वं," ते म्हणाले. "मंग नाही काहून म्हणतं?"

समजावता आलं असतं. मी म्हटलं, बाबा, चार वाजेपर्यंत थांबावं लागेल. मला वाटलं बसचं कारण सांगतील. ते थांबले. आम्ही बाहेर हिरवळीवर डबा खाल्ला, सगळी दालनं दोनदा पाहिली. चार वाजता ते दगडासमोर उभे राहिले. मग गुडघे टेकून बसले. बराच वेळ ते त्या एका जागेकडे पाहत होते.

"नाही आहे," ते म्हणाले.

उठायला मी हात दिला. बाहेर पायऱ्यांवर चपला घालताना ते म्हणाले, "थांबलो ते बरं झालं. आता सरपंचाले ऐकलेलं नाही, पाह्यलेलं सांगतो."