चार पात्यांचा चाकू

जुना चाकू कोणी घासूनपुसून चकचकीत करून माझ्यापुढे आणला की माझं डोकं फिरतं. वर म्हणणार, "पाहा भाऊ, कसा नवाकोरा करून आणला." अरे बाबा, नवाच पाहिजे असता तर गोल बाजारात काय कमी पडलेत? पात्याच्या बुडाशी, जिथं ते मुठीत शिरतं, तिथं बनवणाऱ्याची छाप असते. चाकू कुठला, कोणत्या काळातला, हे ती छाप सांगते. आणि आमचे लोक नेमकी तीच पहिले घासतात. राखेनं, विटेच्या भुकटीनं, आता तर मशीनवर.

मी स्काउटचे आणि कॅम्पचे जुने घडीचे चाकू जमवतो. ऊर्जानगरातली वीज केंद्राची नोकरी संपली, चंद्रपुरात घर झालं, त्यातलं एक कपाट चाकूंनी अडवलंय. बायको त्याला हत्यारखाना म्हणते. हत्यारं कसली? एक मोठं पातं, एक डबा फोडायचं, एक बाटलीचं झाकण काढायचं, ज्याच्या टोकानं स्क्रूही फिरतो, आणि चौथा टोचा, चामड्याला भोकं पाडायला. वर पट्ट्यात अडकवायची कडी. याच्यानं लढाई जिंकायची तर शत्रू डब्यात बसलेला पाहिजे.

गडचिरोलीहून, आल्लापल्लीहून लोक मला फोनवर फोटो धाडतात. सांगा म्हणतात, हा कोणता. फोटोवर मी कधीच सांगत नाही. चाकू हातात पाहिजे. मूठ हाडाची असेल तर गालाला थंड लागते आणि भिंगाखाली बारीक छिद्रं दिसतात. प्लॅस्टिकला ती नसतात. डबा फोडायचं पातं चोचीसारखं वाकडं असेल तर चाकू जुना. आणि पातं उघडताना आवाज ऐकायचा. चांगल्या स्प्रिंगचा चाकू कट्ट वाजतो. एवढं केल्याशिवाय मी तोंड उघडत नाही, आणि उघडलं की माझी ओळख चुकत नाही. ही बढाई वाटत असेल तर वाटो बापडी.

पण खरी गोष्ट अशी की कपाटातला एकही चाकू मला नको होता. मला बाबांचा पाहिजे होता. तो शोधता शोधता बाकीचे घरात आले.

बाबा भद्रावतीच्या आयुध निर्माणीत होते आणि वसाहतीतल्या पोरांचं स्काउट पथक चालवायचे. त्यांच्या कमरेला हाडाच्या मुठीचा विलायती चाकू असायचा, कोण्या जुन्या साहेबानं जाताना दिलेला. कॅम्पला गेलो की त्याच चाकूनं दोर कापायचा, त्यानंच काकडी चिरायची, त्याच्याच टोच्यानं कोणाच्या चपलेचा पट्टा नीट करायचा. एकदा ताडोबाकडच्या कॅम्पला डबा फोडताना त्या पात्याची चोच तुटली. बाबांनी ती कानशीनं घासून गोल केली आणि म्हणाले, "झालं, आता हा कोणाले टोचणार नाई."

खंडेनवमीला आई तो चाकू विटेच्या भुकटीनं घासायची, हळदकुंकू वाहायची. "शस्त्र आहे ना घरातलं," म्हणायची. काही वर्षांत छाप पार गुळगुळीत झाली आणि पात्यांच्या सांध्यात कुंकू बसलं ते बसलंच. टोच्याची स्प्रिंगही ढिली पडली. तो उघडताना आवाजच यायचा नाही. आज असा चाकू कोणी आणला तर मी त्याला दारातूनच वापस लावीन.

आमच्याकडे बाळाच्या उशाखाली लोखंड ठेवतात, बाहेरचं काही लागू नये म्हणून. कोणी विळा ठेवते, कोणी अडकित्ता. पण वसाहतीतल्या बायकांना बाबांचा चाकू पसंत पडला. घडीचा, त्यामुळे लागायची भीती नाही, आणि पाती चार, म्हणजे राखण चौपट. एखादीचे दिवस भरत आले की आईकडे निरोप यायचा. रीत अशी, की बाळाच्या उशाखाली गेलेलं लोखंड आपण होऊन मागायचं नाही. त्या घरानं आणून दिलं तर दिलं. आणि बायका काय करायच्या? एका क्वार्टरातून काढला की परस्पर दुसऱ्या क्वार्टरात द्यायच्या. आमच्याकडे तो उगवायचा थेट खंडेनवमीला.

एका वर्षी उगवलाच नाही. शेवटी कोणाच्या घरी होता, हे कोणालाच सांगता येईना. आई चिडली. मी तर घरोघर विचारायला निघालो होतो. बाबांनी मला दारातच अडवलं. "मागायचा नसते," म्हणाले. पथकातली पोरं विचारायची, "सर, तुमचा चाकू कुठी गेला?" तर बाबा कमरेवर हात ठेवून म्हणायचे, "ड्युटीवर आहे."

बाबा गेले तेव्हा त्यांची एक शिट्टी तेवढी माझ्याकडे उरली. मग मी भंगाराची दुकानं धुंडाळू लागलो. कपाटात मधल्या खणाची एक जागा मोकळी ठेवली. ती बाबांच्या चाकूची. जागा भरल्याशिवाय आपण मरायचं नाही, असं मी बायकोला सांगून ठेवलं होतं. ती म्हणायची, "मग सापडलाच नाई तर बरं."

गेल्या हिवाळ्यात गोंडपिपरीहून बारशाचं बोलावणं आलं. वसाहतीत आमच्या मागच्या क्वार्टरात एक कुटुंब राहायचं, पुढे बदली होऊन गेलं. त्यांची लेक गोंडपिपरीला दिलेली, आता आजी झाली. मी कुरकुरत होतो, बायकोनं ओढत नेलं. पातोडीचा रस्सा होता म्हणून मन रमलं. जेवण झाल्यावर आम्ही बाळ पाहायला आतल्या खोलीत गेलो. आजीबाईनं बाळाला उचललं, उशी सरकली, आणि खाली चाकू.

मी तो उचलला. मूठ गालाला लावली. थंड. मोठं पातं उघडलं. छाप नव्हती, बोट सरळ घसरलं. डबा फोडायचं पातं काढलं; चोच गोल घासलेली. टोचा उघडला. आवाज आला नाही. सांध्यात लाल दिसत होतं. भिंग काढायची गरजच नव्हती. माझे डोळे भरून आले, आणि मी ते लपवायला उजेडाकडे तोंड करून चाकू पाहत राहिलो.

"भाऊ, तुम्ही तर चाकूवाले," ती म्हणाली. "हा कोणाचा, सांगा बरं. माह्या जन्माच्या वक्तीचा हाय. माह्याच उशाखाली होता, मंग माह्या पोरीच्या, आता हिच्या. आई म्हणे, कोणाचा तरी वापस करायचा राहून गेला. कोण्या बाईनं आणून दिलता, पण मूळचा कोणाचा, तिले ठाव नव्हतं. दुसऱ्याची वस्तू दाबून बसलो, हे मले लय लागते मनाले. तुमच्या घरचा तर नाई ना? असंल तर आत्ताच न्या."

ती खरंच द्यायला तयार होती. मागायची रीत मोडत नव्हती. घर आपण होऊन देत होतं. मी नुसतं हो म्हणायचं होतं. चाकू खिशात घातला असता, संध्याकाळी कपाटातली जागा भरली असती. बाळ तिच्या खांद्यावर हात हलवत होतं. उशी रिकामी दिसत होती.

मी टोचा आणि डब्याचं पातं मिटलं, शेवटी मोठं. कट्ट वाजलं.

"हा तुह्या बाबाचाच," मी म्हणालो. "तेही कॅम्पला यायचे. त्यांच्या कमरेले मी पाह्यला आहे. तुह्या आईचा काहीतरी घोटाळा झाला असंल, बाई."

"पक्कं?"

"माझी ओळख चुकत नाई."

तिनं केवढा तरी श्वास सोडला. हसली. "म्हणजे आमचाच," म्हणाली, आणि माझ्या हातातून घेऊन चाकू उशाखाली सारला, वर बाळ निजवलं. माझा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला.

एसटीत बायकोनं दोन तिकिटं काढली. तिनं बाबांच्या चाकूबद्दल माझ्याकडून इतक्या वेळा ऐकलंय की गोल घासलेली चोच तिलाही पाठ आहे. बल्लारपूर आलं तेव्हा म्हणाली, "तोच होता ना?"

मी मान डोलावली.

"मंग काऊन सोडला? एवढी वर्षं जागा ठेवली ना त्याच्यासाठी."

"राहू दे ती जागा," मी म्हणालो. "ड्युटीवर आहे तो."