ओढ्यातला मुरूम

वाघोलीत आमच्या सोसायटीच्या मागून एक ओढा जातो. उन्हाळ्यात तिथे बाभळी, घाणेरी आणि लोकांनी फेकलेल्या पिशव्या एवढंच दिसतं. वरच्या टेकडीचं सगळं पाणी त्याच वाटेने खाली येतं, हे आम्हाला गेल्या पावसाळ्यात कळलं. पलीकडे दुकानं आणि ऑफिसांचं मोठं संकुल उभं राहत होतं. त्यांनी आपल्या रस्त्यासाठी ओढा मुरूम टाकून भरत आणला होता. एका दुपारी जोराचा पाऊस झाला, पाण्याला जायला जागाच उरली नाही. ते आमच्या पार्किंगमध्ये शिरलं आणि तिथून तळमजल्यावर आपांच्या घरात.

आपा निवृत्त शिक्षिका. नवरा गेल्यावर कॅम्पातलं घर सोडून इथे एकट्या राहायला आलेल्या. त्यांच्या दाराला आतून खुर्ची तरंगत येऊन अडकली होती. मी आणि माझ्या नवऱ्याने खांदा लावून दार ढकललं. आपा पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं ते चौथ्या मजल्यावर आमच्या घरी येईपर्यंत सोडलं नाही.

पावसाळा सरला आणि डंपर परत यायला लागले. आपांनी महापालिकेत तक्रार केली. पुरावा हवा म्हणून मी ऑफिसला निघताना खाली थांबून मोबाइलवर व्हिडिओ काढायचे, आपा ते तक्रारीला जोडायच्या. एके दिवशी साइटवरचा सुपरवायझर चालत माझ्यापाशी आला.

"झालं का शूटिंग, वहिनी? नाला काय कुठे पळून चाललाय?" तो हसत म्हणाला. मग पार्किंगकडे बघत म्हणाला, "ती पांढरी स्कूटर तुमचीच ना?"

एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही. मी हो म्हटलं आणि दिवसभर मला जेवण गेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात ऑफिसला जाताना आरशात डंपर दिसला. मी हळू झाले, तोही हळू झाला. मी डावीकडे सरकले, त्याने ओव्हरटेक केलं नाही. नगर रस्त्यावर डंपर मागे असावा आणि त्याने हॉर्न वाजवू नये, असं मी कधी पाहिलं नव्हतं. आरसा त्याच्या तोंडाने भरून गेला. पेट्रोल पंप आला तशी मी स्कूटर आत घातली. तो सरळ निघून गेला, ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलंही नाही. तो मुद्दाम मागे होता की रोजच्यासारखा कामावर निघाला होता, मला आजही ठाऊक नाही. हवा भरायच्या जागेशी मी बसून राहिले.

नवरा त्या संध्याकाळी चिडला नाही, घाबरला. आम्ही अमरावतीकडचे, इथे आपल्याला ओळखतं कोण, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मी व्हिडिओ काढणं थांबवलं. आपांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, बरं केलंस, तू यात पडू नकोस. पुढचं मी बघते.

मग पाहणीला महापालिकेचे साहेब आले. संकुलाची माणसं त्यांच्याभोवती, सुपरवायझर सगळ्यांत पुढे. सोसायटीतले लोक गॅलरीतून बघत होते. गुडघे दुखत असूनही आपा काठी टेकत एकट्याच ओढ्यापाशी गेलेल्या दिसल्या. तेव्हा मला राहवलं नाही, मी खाली उतरले.

साहेबांनी विचारलं, "हे व्हिडिओ कोणी काढलेत?"

आपांनी तोंड उघडलं, त्या स्वतःचं नाव घेणार हे माझ्या लक्षात आलं.

"मी काढलेत," मी म्हटलं. आवाज माझा मलाच परका वाटला. सुपरवायझर माझ्याकडे बघत होता, म्हणून मी साहेबांच्या बुटांकडे बघत पाणी कुठून आलं, कुठे अडलं, ते सगळं सांगितलं.

काम थांबलं. काही दिवसांनी जेसीबीने मुरूम उपसला; सगळा नाही, आमच्या बाजूचा. यंदा पाणी काठापर्यंत आलं, दोन पावसांत मी जिन्यात उभी राहून ते बघत होते. आपांच्या घरात शिरलं नाही. पलीकडचा भराव अजून तसाच आहे आणि त्यावर नवीन पत्रे ठोकलेत. आता मी बसने जाते. पोचल्यावर फोन कर, असं नवऱ्याने बजावलंय. उशीर झाला तर त्याचाच येतो.