बाबांच्या पिकअपचा आवाज

दिवाळीच्या सुट्टीत मी जानेफळला आलो, तेव्हा आईने चहा हातात देताना पहिली बातमी गाडीची दिली. गाडी वाजते आहे. मजूर बाया बसायला तयार नाहीत. आणि बाबा म्हणतात, काहीच वाजत नाही.

आमची गाडी म्हणजे पिकअप. बाबा तिच्यातून सकाळी गावातल्या बाया सोयाबीनच्या सोंगणीला, कापूस वेचायला दूरच्या शेतांवर नेऊन सोडतात आणि संध्याकाळी परत आणतात. मधल्या वेळात चिखलीच्या बाजाराचं भाडं मिळालं तर तेही करतात. माझं सगळं शिक्षण या गाडीवर आणि हिच्या आधीच्या गाडीवर झालं. मी चिखलीला कॉलेजात होतो तेव्हा बाबा बाजारात माल उतरवून झाल्यावर आईने दिलेला डबा घेऊन माझ्या खोलीखाली येत आणि दोनदा आखूड, एकदा लांब हॉर्न देत. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत माझ्याआधी कोणी गेलेलं नव्हतं. आज मी दुसऱ्या जिल्ह्यात शाळेवर शिक्षक आहे. त्यामुळे गाडीला काही झालं की मला घरातलं माणूस आजारी पडल्यासारखंच वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीजवळ उभा राहिलो. बाया डोक्याला रुमाल बांधून, डबे घेऊन आल्या होत्या, पण कोणी चढत नव्हतं. त्यांच्यातली सगळ्यात मोठी, जिला आम्ही लहानपणापासून मावशी म्हणतो, ती मला म्हणाली, "मास्तर, तूच बस एकडाव मागं. मंग सांग, वाजते का नाही थे."

"काय वाजते, मावशी?"

"बुडाखाली कोनी घन मारून राह्यलं असं वाट्टे. एखांद्या दिवशी चाक आमच्या आंधी शेतात पोचन."

बाया हसल्या. बाबा हसले नाहीत. ते काच पुसत म्हणाले, "मले तं काही आयकू येऊन नाही राह्यलं. यायले दुसऱ्याच्या गाडीत बसाचं असन तं बसा म्हना."

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून मला म्हणाली, "अन् आजकाल टपावर हात मारून मारून हात दुखतात आमचे. तुहा बाप थांबतच नाही."

मागच्या हौद्यात बसलेल्या माणसाला उतरायचं असलं की तो केबिनच्या टपावर थाप मारतो. आमच्याकडे सगळ्या पिकअपची हीच घंटी. मावशीचं ते बोलणं मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझं सगळं लक्ष आवाजाकडे होतं.

मी बायांबरोबर मागे बसलो. गावाबाहेरच्या पहिल्या ब्रेकरवर आवाज आला. धड्. लोखंडावर लोखंड आपटल्याचा, जड. मग खड्ड्यात पुन्हा. मावशीने भुवया उंचावल्या. कच्च्या रस्त्याला लागल्यावर तर तो थांबेचना. मला खरंच भीती वाटली. मी मागच्या काचेतून पाहिलं, बाबांची मान सरळ होती. एकदाही वळली नाही.

मला आठवतं, मी लहान असताना आम्ही अंगणात जेवत असायचो आणि रस्त्यावरून एखादं वाहन जायचं. बाबा घास हातात धरून म्हणायचे, "सरपंचाचा ट्रॅक्टर. नोझल गेलं त्याचं." आणि ते खरं निघायचं. चालत्या गाडीत ते रेडिओ लावू द्यायचे नाहीत. गाडी काय म्हणते ते ऐकू येत नाही म्हणून.

त्या दुपारी मी त्यांना चिखलीला घेऊन गेलो. म्हणजे गाडी त्यांनीच चालवली, मला चालवता येत नाही. जाताना मी शेजारी बसून प्रत्येक खड्ड्याला कान लावून होतो. आवाज खालून येतोय की मागून, डावीकडून की उजवीकडून, काही कळत नव्हतं. सगळ्या पत्र्यातूनच येतोय असं वाटायचं.

ज्यांच्याकडे बाबा वर्षानुवर्षं गाडी नेतात ते मेकॅनिक चाचा गाडीखाली गेले. टॉमीची लोखंडी कांब लावून स्प्रिंगचे पाटे हलवून पाहिले, चाकं उचलून हलवली. बाहेर येऊन म्हणाले, "भाऊ, बुश गया पीछे का. बदलून टाकू."

"मले तं वाजत नव्हतं," बाबा म्हणाले.

"तुम्हाला कसं वाजेल? तुमचं प्रेम आहे तिच्यावर. मास्तरला विचारा, त्याला वाजतं."

पाट्याच्या टोकाचं ते रबरी बुश बदललं. चाचांनी एक चक्कर मारून आणली. आवाज तसाच. मग त्यांनी शॉकअॅब्सॉर्बर काढून पाहिले, ते धड होते. खालचा जॉइंट आवळला. पुन्हा चक्कर, पुन्हा धड्. शेवटी ते पंक्चरच्या टायरवर बसले, कपाळ पुसलं आणि मला म्हणाले, "मास्तर, आप पढ़े-लिखे हो, तुम्हीच सांगा आता. मेरा तो दिमाग बंद हो गया. उद्या सोडून जा, सगळी खोलून बघू."

सगळी खोलायची म्हणजे गाडी किती दिवस उभी राहणार कोण जाणे. आणि ऐन वेचणीत गाडी उभी राहिली की बाया दुसरीकडे बसणार, त्या पुन्हा परत येत नाहीत. बाबांना दुसरं काही करता येत नाही, आणि करायचंही नाही. त्यांनी किल्ली फिरवली आणि आम्ही परत निघालो.

वाटेत मी एकेक वस्तू धरून पाहू लागलो. आधी दार दाबून धरलं. मग डॅशबोर्ड. मग पुढे वाकून पायाखालचा पत्रा. आवाज येतच होता. मी हात सीटच्या मागे घातला. तिथे बोटांना गार लोखंड लागलं. मी ते घट्ट धरलं आणि पुढच्या खड्ड्यात आवाज आला नाही. सोडलं. धड्. पुन्हा धरलं. शांत.

"बाबा, थांबवा."

त्यांनी काही केलं नाही. मी त्यांच्या दंडाला हात लावला तेव्हा त्यांनी गाडी बाजूला घेतली.

सीटमागून ओढून काढलं, तर जॅक होता. त्याच्यावर हळदी-कुंकवाची बोटं अजून तशीच होती आणि फटीत झेंडूची एक वाळलेली पाकळी अडकली होती. दसऱ्याला बाबा गाडीतली सगळी हत्यारं काढतात. पान्हे, टॉमी, जॅक. धुऊन पाटावर मांडतात, पूजा करतात आणि दुसऱ्या दिवशी परत जागेवर ठेवतात. जॅक त्याच्या खोबणीत बसवून वरचा स्क्रू फिरवला की तो ताणून बसतो. दरवर्षी पूजेनंतर बाबा गाडी पहिल्या ब्रेकरपर्यंत न्यायचे, कान देऊन ऐकायचे आणि जॅक जरा जरी वाजला तरी थांबून आणखी एक आटा द्यायचे. लहानपणी त्या फेरीला मी त्यांच्या शेजारी असायचो. यंदाही ते ब्रेकरपर्यंत गेले असणार, आणि काही वाजलं नाही म्हणून परत आले असणार.

"जॅक ढिला राहिला होता," मी म्हणालो. मग जरा मोठ्याने पुन्हा म्हणालो.

त्यांनी जॅक मांडीवर घेतला. बराच वेळ तो अंगठ्याने पुसत राहिले. कुंकू थोडं गेलं, थोडं राहिलं.

"मीच बसवला होता," ते म्हणाले.

   त्यांनी जॅक जागेवर बसवला, स्क्रू आवळला, हाताने हलवून पाहिला, पुन्हा आवळला. मग गाडी सुरू केली.

पुढचा ब्रेकर आला. गाडी चढली, उतरली. बाबा रस्त्याकडे पाहत नव्हते, माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"गेला?"

"गेला."

त्यांनी मान हलवली. मागून एसटी हॉर्न देत होती, कधीपासून ते मला आता जाणवलं. मी म्हणालो, "बाबा, मागं एसटी आहे." त्यांनी आरशात पाहून गाडी डावीकडे घेतली. "दिसली मले," ते म्हणाले. एसटी बाजूने गेली तेव्हा ड्रायव्हरने आमच्याकडे पाहून हात झटकला.

घर यायच्या आधी मी म्हणालो, "बाबा, सुट्टी आहे माझी. एकदा कान दाखवून येऊ बुलढाण्याला."

त्यांनी गिअर बदलला, मला वाटलं त्यांना ऐकूच गेलं नाही. मग म्हणाले, "गाडी तं वाजून नाही राह्यली ना आता? मंग झालं."

सकाळी बाया आल्या. मावशीने मला विचारलं, "सापडला का रे आवाज?"

"सापडला. जॅक होता, मावशी."

"बस? अन् आमी तं चाक समजून राह्यलो होतो." ती हसली, हौद्यात चढली आणि इतरांना हात देऊन वर घेऊ लागली. टपावरच्या थापेबद्दल ती पुन्हा काही बोलली नाही. मीही बोललो नाही. बाबा किल्ली हातात घेऊन सगळ्या चढण्याची वाट पाहत उभे होते. गेल्या कित्येक दिवसांत ते इतके मोकळे दिसले नव्हते, असं आई नंतर म्हणाली.

मी पुढे, त्यांच्या शेजारी बसलो. माझी सुट्टी संपेपर्यंत रोज तिथेच बसणार, एवढंच मी ठरवू शकलो होतो. त्याच्या पुढचं मला काही दिसत नव्हतं. ब्रेकरवर गाडी एकदम गप्प होती. कच्च्या रस्त्याला लागल्यावर पहिल्या शेताजवळ टपावर थाप पडली. बाबा चालवत राहिले. दुसरी थाप जोराची पडली, मग लागोपाठ तीन-चार.

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

त्यांनी ब्रेक दाबला. "हाव, आयकलं ना," ते म्हणाले, आणि समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिले. मागे बाया उतरत होत्या. मी हात गुडघ्यावरून काढला नाही.